शिरीषाखालची झोप

आमच्या घरात दिवसा रात्र असते. हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग आमच्या फाटकातून आत आले की आपोआप चपला हातात घेतात. माझी बायको इस्पितळात नर्स आहे आणि गेली एकोणीस वर्षं तिला कायमची रात्रपाळी आहे. ती सकाळी साडेआठला घरी येते, नऊला आडवी होते आणि चारला उठते. मधल्या सात तासांत आमच्याकडे मिक्सर फिरत नाही, बादली आपटत नाही, नळाची धार सुटत नाही. दाराच्या घंटेची तार मी फार वर्षांपूर्वीच काढून टाकली. फाटकावर माझ्याच अक्षरात एक पाटी आहे: ‘हळू. झोपल्या आहेत.’ कोण झोपल्या आहेत, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नाही.

गल्लीनंही हे अंगवळणी पाडून घेतलंय. भाजीवाली आमच्या अलीकडे दोन घरं गप्प होते आणि पलीकडे दोन घरं गेली की पुन्हा ओरडायला लागते. समोरच्यांच्या कुत्र्याला भुंकायचं असेल तर तो कोपऱ्यापर्यंत जाऊन भुंकतो. माझं म्हणाल तर मी शाळेत भूगोल शिकवतो, आणि घरची सवय शाळेतही सुटत नाही. मी इतक्या हळू बोलतो की मागच्या तीन बाकांवरची मुलं गाढ झोपतात. एकदा तक्रार गेली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून जाब विचारला, मी सविस्तर उत्तर दिलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही आणि प्रकरण तिथंच मिटलं.

तर या सगळ्या व्यवस्थेचं छप्पर म्हणजे आमच्या अंगणातला शिरीष. घर बांधलं तेव्हा तो आधीपासून तिथं होता. घरच त्याला विचारून बांधलंय असं म्हटलं तरी चालेल. झोपायच्या खोलीवर त्याची सगळ्यात मोठी फांदी. उन्हाळ्यात त्याला गुलाबी मऊ झुपके येतात आणि वारा नसतानाही एखादा सुटतो, घाई नसल्यासारखा गिरक्या घेत खाली येतो. संध्याकाळी बायको ड्यूटीला निघाली की हा पानं मिटतो, सकाळी ती परतते तेव्हा उघडतो. त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलं की दहाव्या मिनिटाला माणूस इथला राहत नाही. मी उत्तरपत्रिका तपासायला बसतो आणि जागा होतो तेव्हा पुरा गठ्ठा मांडीवर असतो, आणि दोन-चार पेपरांवर मी झोपेत दिलेले गुण असतात. ते उलट जास्त न्याय्य असतात, असं माझं निरीक्षण आहे.

या उन्हाळ्यात एक दिवस अकराच्या सुमारास मी नेहमीप्रमाणे चवड्यांवर जाऊन खोलीत डोकावलो. एरवी त्या खोलीत हिरवट, पाण्याखालचा असावा तसा उजेड असतो. त्या दिवशी बायकोच्या गालावर वाटीएवढं ऊन पडलं होतं. तिनं झोपेतच डोळ्यांवर मनगट आडवं घेतलं होतं. मी पडदा ओढला, तर वाटी उशीवर गेली. दुसरा पडदा ओढला, तर वारा बंद झाला आणि तिच्या कपाळावर घाम आला. मी अंगणात येऊन वर पाहिलं. खोलीवरची ती मोठी फांदी टोकापासून निम्मी वाळली होती, आणि बाकीचं झाडही इतकं विरळ झालं होतं की मधूनमधून आकाश दिसत होतं. बायकोच्या झोपेवर ऊन आलं होतं आणि मी खाली बसून पेपर तपासत होतो.

झाडाचं काहीतरी केलं पाहिजे, असं मी कुंपणाशी उभा राहून पुटपुटलो. चूक झाली ती तिथंच. कुंपणापलीकडे मीटरकाका होते.

मीटरकाका पाणीखात्यातून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांचे पाण्याचे मीटर वाचले, त्यामुळे जगातलं कुठलंही दुखणं पाणी कमी पडल्यामुळे होतं असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यांना गुडघेदुखी सांगा, ते तांब्या पुढे करतात. “तहानलंय हो ते,” ते कानात म्हणाले आणि पाच मिनिटांत त्यांची रबरी नळी कुंपणावरून आमच्या खोडाशी आली. आठवडाभर ती बारीक धारेनं तिथं वाहत होती. वर त्यांनी दोन घमेली लाल मातीही खोडाभोवती थापली, म्हणाले, पांघरूण आहे.

पाठोपाठ समोरचे गोळीवाले डॉक्टर आले. ते साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या देतात आणि रोग्यापेक्षा त्याच्या स्वभावावर उपचार करतात. त्यांनी वही काढली आणि कुजबुजत चौकशी सुरू केली.

“रागीट आहे का?”

“नाही हो. झाड आहे.”

“संध्याकाळी उदास होतं?”

“संध्याकाळी पानं मिटतं.”

“बास!” डॉक्टरांचा आवाज आनंदानं जरा चढला, तेव्हा मीटरकाकांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. “हेच लक्षण! आणखी काही सांगूच नका.” एका बादलीत तीन गोळ्या, अशी मात्रा ठरली. शिरीषानं ती निमूटपणे घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची हिरवी पानंही पिवळी पडायला लागली. “रोग बाहेर पडतोय,” असं डॉक्टर म्हणाले. मला तर पानं बाहेर पडताना दिसत होती.

शेवटी मीटरकाकांनीच सुचवलं, “सरकारी माणूस आणा. नगरपालिकेत झाडांचं खातं आहे. अर्ज द्या, कुणीतरी येऊन बघून जाईल.” शाळेला सुट्टी होती. मी गेलो.

उद्यान खात्याचं ऑफिस तळमजल्यावर, जिन्याखाली. एकच खिडकी, तिच्यामागे एक बाई, आणि वर एक पंखा, जो फिरताना दर तिसऱ्या फेरीला सुस्कारा टाकायचा. मला तिथं बरं वाटलं. माझा नंबर आला तेव्हा मी थोडा पेंगलो होतो.

“झाड पडलंय?” खिडकीतल्या बाई.

“नाही.”

“मग तोडायचंय.”

“छे छे! आजारी आहे. कुणी बघून सांगावं म्हणून...”

“आजारीचा नमुना नाही. नमुना अ तोडायचा, नमुना ब पडलेलं उचलायचा.”

“मग ज्यांची झाडं आजारी असतात ते लोक काय करतात?”

“थांबतात,” बाई म्हणाल्या. “आणि मग ब भरतात.”

मी अ घेतला. म्हटलं, निदान कुणी बघायला तरी येईल. शेऱ्याच्या रकान्यात स्पष्ट लिहू, ‘तोडू नये, फक्त पाहून जावे.’ तसं मी लिहिलंही. पण फॉर्ममध्ये एक चौकट होती: ‘झाड धोकादायक आहे काय? होय / नाही.’ नेमकं त्याच वेळी कुठल्याशा झाडाचं पांढरं, केसाळ बी दारातून तरंगत आत आलं. पंख्याच्या वाऱ्यावर चढलं, सुस्कारा आला की खाली यायचं, पुन्हा चढायचं. आता हे बसणार कुठे, फायलीवर की बाईंच्या केसांत, एवढंच माझ्या डोक्यात उरलं. ते अखेर शिक्क्याच्या पेटीवर टेकलं तेव्हा मला हायसं वाटलं. तोवर माझ्या हातानं ‘होय’वर खूण केली होती आणि बाईंनी शिक्का मारला होता.

पुढचे दोन आठवडे मी सरकारी माणसाची वाट पाहिली. या काळात एक खाकी शर्टातला माणूस तीनदा फाटकाशी दिसला. तो घंटेचं बटण दाबायचा, पाटी वाचायचा, मग खिडकीतल्या माझ्याकडे पाहायचा. मी प्रत्येक वेळी तोंडावर बोट ठेवलं. त्यानं प्रत्येक वेळी समजूतदारपणे मान हलवली आणि पाय न वाजवता निघून गेला. मी बायकोला कौतुकानं सांगितलंसुद्धा, की हल्ली वस्तू विकायला येणारी माणसं काय सभ्य झालीत!

त्या सभ्य माणसाचा अहवाल मला टपालानं मिळाला. ‘स्थळपाहणीसाठी तीन वेळा गेलो. घंटा वाजवली, वाजली नाही. घरात एक इसम दिसला. त्यास झाडाबाबत विचारणा करू जाता त्याने गप्प राहण्याची खूण केली. सबब अर्जदाराची हरकत नाही असे समजून, झाड धोकादायक असल्याने ते तीस दिवसांत तोडण्यात यावे. न तोडल्यास होणाऱ्या हानीस अर्जदार जबाबदार.’

पत्र वाचून मी अंगणात धावलो, म्हणजे चवड्यांवर धावलो. शिरीषाच्या खोडावर तांबड्या रंगाची हातभर फुली होती. रंग वाळलाही होता. आवाज न करता मारली होती, तेवढं मात्र मान्य करायला हवं.

बायकोनं ती फुली दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिली. पर्स खांद्यालाच होती.

“अहो, हे काय आहे?”

“मी फक्त बघायला बोलावलं होतं.”

“आणि बघून फुली मारली?” ती फुलीवरून बोट फिरवत म्हणाली. “आमच्या वॉर्डात असं चाललं असतं तर गाव ओस पडलं असतं.”

मी पत्र दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं, घडी घातली, परत दिलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “हे झाड गेलं तर त्या खोलीत दिवसा कोण झोपणार? झोप नाही तर रात्रपाळी नाही. आणि या वयात मला दिवसपाळी कोण देतंय? मला हे काम सोडायचं नाहीये हो.” मग ती आत गेली, नऊला आडवी झाली. मी दारातून पाहिलं. तिचे डोळे उघडे होते आणि गालावरची वाटी आता ताटाएवढी झाली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आपण सहज म्हणतो. पण ते खोलीच्या दारात उभं राहून म्हणायची वेळ आली की माणूस चवड्यांवर मागे फिरतो.

झाडांच्या डॉक्टरीणबाई बायकोनंच शोधल्या. त्या कधीतरी तिच्या वॉर्डात पाय मोडून महिनाभर पडल्या होत्या. साठी उलटलेली, कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्या रविवारी संध्याकाळी आल्या. मी वाळल्या फांदीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी वर पाहिलंच नाही. खालीच बघत राहिल्या.

“याचे पाय कुठे आहेत?”

“कुणाचे?”

“झाडाचे. खोड जमिनीत जाताना रुंद होतं, माणसाचा घोटा असतो तसं. इथं तर विजेचा खांब रोवल्यासारखं सरळ आत शिरलंय.” त्यांनी बुटानं जमीन ठोकली. “हे सिमेंट कुणी केलं?”

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. ते सिमेंट मी केलं होतं. आमच्या खानदानात हातानं काही करणारा मी पहिलाच, आणि तोवरचा इतिहास उज्ज्वल नव्हता. मी ठोकलेली फळी पुस्तकांसकट खाली आली होती. मी केलेलं स्टूल फक्त भिंतीला टेकूनच उभं राहायचं. पण आठ वर्षांपूर्वी मी सबंध अंगणाला सिमेंट घातलं, अगदी खोडाला भिडवून, आणि ते टिकलं. कारणही साधं होतं: शिरीषाची पानं आणि वाळक्या शेंगा दिवसभर खाली पडायच्या, पायाखाली चुरचुर वाजायच्या, वाऱ्यानं सरसर पळायच्या, आणि आत बायको झोपलेली. सिमेंटवर झाडू फिरवला की काम झालं. एका कोपऱ्यात मी ओल्यात काडीनं सन कोरला होता. पाहुणे आले की मी त्यांना कुठल्याही निमित्तानं त्या कोपऱ्यात न्यायचो.

“मी केलं,” मी म्हणालो. कौतुकाची थोडी आशा तेव्हाही होती.

“तुम्ही याला गळ्यापर्यंत पुरलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मुळांना हवा नाही. पाऊस वरून वाहून जातो. आणि हे खोडाशी पाणी, ही माती, साल कुजायला लागलीय. बादलीत काय आहे?”

“गोळ्या,” मी म्हणालो. कुंपणापलीकडे मीटरकाका खाली वाकले.

“पण झाडं अशीच असतात ना?” मी शेवटचा प्रयत्न केला. “चोवीस वर्षं मी फळ्यावर झाड काढतोय. दोन उभ्या रेघा, वर ढग.”

“फळ्यावरच्या झाडाला मुळं लागत नाहीत हो, मास्तर.”

त्यांनी सांगितलेलं औषध असं: सिमेंट पूर्ण उखडायचं, थापलेली माती काढून खोडाचा घोटा मोकळा करायचा, वाळलेला भाग तेवढा जाणकाराकडून कापून घ्यायचा, तोही खोडाला घासून नाही तर जोडापासून थोडं बाहेरून, बाकी झाडाला करवत लावायची नाही. आणि पडतील ती पानं खालीच राहू द्यायची, तेच त्याचं खाद्य. “वाजतात हो ती,” मी म्हणालो. “मग वाजू द्या की,” त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहून दिली: झाड वाचू शकते, सावली भरायला दोन वर्षे लागतील.

सिमेंट उखडायचं! माझं सिमेंट. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी पंचाईत वेगळी होती. मशीन लावून फोडणारा माणूस म्हणाला, तीन दिवसांचं काम, सकाळी नऊ ते चार. चारनंतर तो दुसऱ्या कामावर जातो. नऊ ते चार! म्हणजे बायकोची झोप वाचवायला बायकोची झोपच मोडायची. मी त्याला नको म्हटलं आणि ठरवलं, आपणच फोडू. बिनआवाजी.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शिरीषाखाली आमची तुकडी जमली. हातोड्याला जुन्या रजईचे तुकडे गुंडाळले होते. मीटरकाका छिन्नी धरून बसले; छिन्नीवर उशी, उशीवर मी. गोळीवाले डॉक्टर खोलीच्या खिडकीखाली कान देऊन बसले. आत हालचाल झाली तर हात वर करायचा, असं ठरलं होतं. मी हातोडा उगारायचा, तो उशीवर बुडायचा, आत कुठेतरी ‘भप्प’ व्हायचं. वरून गुलाबी झुपके सुटत होते, एखादा हातोड्यावर येऊन बसायचा, मग तो उडेपर्यंत आम्ही थांबायचो. ऊन-सावली अंगावरून सरकत होती. मला वाटलं, आपण हे फार वर्षांपासून करतोय आणि आणखी फार वर्षं करत राहू. अकराला पाहिलं तर मीटरकाका छिन्नी धरून झोपले होते आणि खिडकीखाली डॉक्टरांची मानही कलली होती. चार दिवसांत सिमेंटला बशीएवढा खळगा पडला. बायको उठल्यावर, संध्याकाळी चार ते सहा या वेळात, रजई काढून खरा हातोडाही मारून पाहिला. तिसऱ्या दिवशी माझा खांदा उचलेना, तेव्हा तो नाद सोडला.

तीस दिवसांतले एकवीस गेले होते. मी पुन्हा खिडकीतल्या बाईंकडे गेलो.

“अर्ज मागे घ्यायचाय.”

“त्याचा नमुना नाही. हरकत घेता येते. सुनावणी होते.”

“मग मी हरकत घेतो.”

“अर्जदाराला स्वतःच्या अर्जावर हरकत घेता येत नाही. दुसरं कुणी हवं.”

“बायको चालेल?”

“चालेल,” बाई शिक्का फुंकत म्हणाल्या. “बहुतेक बायकोच येते.”

सुनावणी सकाळी साडेदहाची मिळाली. बायको ड्यूटीवरून थेट तिथं आली, रात्रभर उभी राहून. एका बाकावर अर्जदार, म्हणजे मी. समोरच्या बाकावर हरकतदार, म्हणजे ती. मधून लोकांची ये-जा. त्या दिवशी ऑफिसला काय झालं होतं कुणास ठाऊक: एकाच वेळी दोन फोन वाजत होते, कोपऱ्यात छपाईचं यंत्र खडखडत होतं, कुणीतरी कुणाला तरी पडलेल्या झाडाच्या लाकडावरून मोठमोठ्यानं झापत होतं, शिपाई लोखंडी कपाटाचं दार आपटून बंद करत होता, ते पुन्हा उघडत होतं, तो पुन्हा आपटत होता. मला कानात बोटं घालावीशी वाटली. अर्ध्या तासानं साहेबांनी आमची फाईल उघडली.

“अर्जदार?”

मी हात वर केला.

“हरकतदार?”

उत्तर आलं नाही. मी समोर पाहिलं. बायको भिंतीला डोकं टेकून झोपली होती. साधी डुलकी नव्हती ती. तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवरून घसरलेली, कपाळावर एक आठी नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली. या बाईला असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिची माझ्या माहितीतली झोप म्हणजे मिटलेले डोळे आणि जागा चेहरा. इथं चेहराही झोपला होता.

माझा हात सवयीनं तोंडाकडे गेला. मी उभा राहिलो आणि सबंध ऑफिसकडे वळून म्हणालो, “शूऽऽ! झोपल्या आहेत.”

काय सांगू! एकोणीस वर्षांचा सराव असतो त्या ‘शू’मध्ये. भांडणारे गप्प झाले. बाईंनी फोन उचलून खाली ठेवले. शिपाई कपाटाचं दार हातानं धरून उभा राहिला. कुणीतरी छपाईचं यंत्र बंद केलं. साहेबांनी पेनसुद्धा हळूच टेबलावर ठेवलं. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

बायको ताडकन उभी राहिली. डोळे पूर्ण उघडे, हात खिशातली कात्री चाचपत होता.

“कोण गेलं?” ती म्हणाली.

तिनं एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुठं आहे ते तिच्या ध्यानात आलं. ती ओशाळून खाली बसली. मी मात्र उभाच राहिलो. बोट अजून तोंडावरच होतं.

सुनावणी पाच मिनिटांत संपली. साहेबांनी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली, माझा शेरा भिंगातून वाचला आणि विचारलं, “तुमचं दोघांचं नातं काय?” नवरा-बायको, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मंजुरीला स्थगिती मिळाली. अट एकच: महिन्याच्या आत सिमेंट काढायचं आणि वाळलेली फांदी उतरवायची, नाहीतर फुली कायम.

परत येताना आम्ही चालत आलो. रस्त्यावर दुपारची सुस्ती होती. झाडांच्या सावल्या आखडून बुंध्याशी बसल्या होत्या.

“शांत झालं की तू जागी होतेस?” मी विचारलं.

ती म्हणाली, “वॉर्डात मशीन वाजत असतं, कुणी कण्हतं, कुणी खोकतं. तोवर सगळं ठीक असतं. एकदम आवाज थांबला की पळायचं असतं. सवयच झालीय ती. घरी डोळा लागला रे लागला की ती शांतता कानात घुसते आणि मी दचकून उठते.”

“एकोणीस वर्षं?”

“आधी पानं तरी वाजायची अंगणात. शेंगा पडायच्या. त्याच्यावर थोडीफार लागायची झोप. मग तुम्ही सिमेंट केलंत.”

“अगं, मग सांगायचं नाहीस का?”

“कसं सांगणार? तुम्ही आठ दिवस गुडघ्यावर बसून थापीनं ते सिमेंट सारखं करत होतात. ओल्यावर कुणी पाय ठेवू नये म्हणून खुर्ची टाकून राखण करत होतात. माझ्या झोपेसाठी आजवर कुणी एवढं केलं नव्हतं. नाही रेटली जीभ.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “सावली मात्र हवीच हं मला. उजेडात नाही झोप येत. ते खरं आहे.”

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आम्ही दोघंही सवयीनं पाय उचलून टाकायला लागलो, आणि मग मी मुद्दाम चप्पल फरफटत चाललो. फार विचित्र वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी नऊला मशीनवाला आला. बिचाऱ्यानं पाटी वाचली, बूट काढून हातात घेतले आणि ते धूड खांद्यावर पेलत चवड्यांवर अंगणात आला. कुंपणावर मीटरकाका आणि गोळीवाले डॉक्टर काळजीनं तोंडावर बोटं ठेवून उभे होते. डॉक्टरीणबाई खोडाशी स्टूल टाकून बसल्या होत्या. खोलीच्या खिडकीला बाहेरून जाड चादर बांधली होती, दोन वर्षांपुरती. बायको आडवी झाली होती.

“या!” मी म्हणालो. आवाज फाटला. दिवसाउजेडी या अंगणात मी तो कधी वापरलाच नव्हता. “बूट घाला! मोठ्यानं बोला! करा सुरू!”

मीटरकाकांनी डोळे मिटून घेतले. मशीन सुरू झालं आणि जमिनीचा हादरा दातांत आला. वरून झुपक्यांचा सडा पडला. डॉक्टरीणबाईंचे केस गुलाबी झाले. पहिला तुकडा उखडला, दुसरा उखडला, सन कोरलेल्या कोपऱ्याचे दोन तुकडे झाले तेव्हा मी तिकडे पाठ केली. अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाईंनी हात करून मला बोलावलं. सिमेंटखालून खोड रुंद होत गेलेलं दिसत होतं, आणि तिथून दोन्ही बाजूंना दबलेली, पिवळट मुळं. त्यांनी नखानं साल जराशी खरवडली. खाली ओलसर हिरवं होतं.

“जीव आहे,” त्या म्हणाल्या. “वाचेल. घाई करणार नाही, पण वाचेल.”

माझे डोळे भरून आले. मी सिमेंटच्या धुळीवर ढकललं.

मशीनवाला घाम पुसायला थांबला. मशीन बंद झालं आणि एकदम शांतता पसरली. शांतता! मी खिडकीकडे तोंड करून सुचेल ते मोठ्यानं म्हणायला लागलो: आधी सात खंड, मग पाच महासागर, मग नद्या, लांबीच्या क्रमानं. मीटरकाकांना काय कळलं देव जाणे, त्यांनी उलटी बादली घेतली आणि काठीनं बडवायला सुरुवात केली. कोपऱ्यावरचा कुत्रा धावत आला आणि आमच्या फाटकात उभा राहून मन भरून भुंकला. गोळीवाले डॉक्टर कानामागे हात धरून खिडकीखाली गेले, वाकले आणि तसेच थांबले.

त्यांनी आम्हाला हातानं खूण केली. आम्ही थांबलो.

तरी एक आवाज चालूच होता. खोल, संथ, मधूनच चढणारा, घरघरणारा. मशीनवाल्यानं वाकून आपलं मशीन पाहिलं. ते बंद होतं. आम्ही सगळे एकेक पाऊल खिडकीकडे सरकलो. आवाज चादरीच्या पलीकडून येत होता, आणि आम्ही गप्प झालो तरी थांबत नव्हता.

बावीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच कळत होतं की माझी बायको घोरते.